मॅटखालची गाडी

(रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा समुद्र. बंधाऱ्यावर लाट फुटते.)

उधाणाच्या दिवसांत इथे लाट बंधाऱ्यावर आपटली की तुषार रस्ता ओलांडून थेट आमच्या अंगणात येतात. पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं. खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, आणि गेली 29 वर्षं याच अंगणात उभ्या असलेल्या या पांढऱ्या मारुती 800 वर.

बाबांनी ही गाडी 1996 साली घेतली. रत्नागिरीचीच, एमएच-08. आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलं ते हिच्यातून. मला कॉलेजसाठी कोल्हापूरला सोडलं तेही आंबा घाट चढून हिच्यातूनच. बाजारातून येताना डिकीत मासळी असायची, बर्फाचं खारं पाणी पिशवीतून गळायचं, आणि घरी पोचल्यावर मासळीची घाई असायची, डिकी पुसायची नाही. बाहेरून बघितलं तर आजही वाटतं, वयाच्या मानानं बरी आहे. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला दोन-चार फोड आलेत, एवढंच.

मग एक दिवस चाक पंक्चर झालं. डाव्या बाजूला जॅक लावला, हँडल फिरवत होतो, पण गाडी वर जाईना. जॅकच वर जात होता. दाराखालच्या रनिंग बोर्डचा पत्रा खारी बिस्किटासारखा चुरत होता आणि जॅक त्याच्या आत शिरत होता.

दुरुस्त करायची की भंगारात द्यायची? पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

(गॅरेज. सीट बाहेर काढून ठेवल्या आहेत.)

मिस्त्रींनी आधी सीट काढल्या. मग रबरी मॅट, मग त्याखालचा फेल्ट, म्हणजे जाड नमद्यासारखं कापड. फेल्ट पिळला तर पाणी निघालं. ऑक्टोबर संपत आला होता, पाऊस जाऊन दोन आठवडे झाले होते. गाडीच्या पोटात मात्र अजून पावसाळाच होता.

गंज धरायला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढं पुरतं. नुसत्या पाण्यानं ते काम सावकाश चालतं. मीठ मिसळलं की त्याच पाण्यातून वीज सहज वाहू लागते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया असल्यामुळे तिचा वेग वाढतो. मीठ हवेतला ओलावाही ओढून घेतं, त्यामुळे पत्रा उन्हातसुद्धा पुरता कोरडा होत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या गाडीनं असे 29 पावसाळे काढलेत.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून पत्रा फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि प्रत्येक पापुद्र्याखाली नवं लोखंड उघडं पडतं. रंगावर दिसणारा फोड हा बहुतेक वेळा आतून आलेला असतो. तो दिसेपर्यंत आतलं बरंच काम उरकलेलं असतं.

आता हे बघा. (रनिंग बोर्डच्या खालच्या कडेला बोट.) इथे कंपनीनं बारीक भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. आमच्या गाडीची ही सगळी भोकं लाल मातीनं आणि सुरूच्या काड्यांनी बुजली होती. वर काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी खालून डांबरी कोटिंग मारून घेतलं होतं, तेही गंज न काढता, गंजावरच. ते कोटिंग आम्ही संरक्षण म्हणून केलं. त्यानं ओल आत कोंडून ठेवली. मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. दुर्लक्ष करून गाडी सडली असती तर समजलं असतं. आम्ही पैसे देऊन सडवली.

(जुनी छायाचित्रं: मारुती 800.)

14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली. जानेवारी 2014 मध्ये शेवटची 800 तयार झाली. दरम्यान 25 लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. हरपाल सिंग गेल्यानंतर ती पहिली गाडी त्यांच्या घरासमोर गंजत उभी होती. पुढे कंपनीनं ती नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. तिचे फोटो बघून बाबा मला म्हणाले, "बघ, होते की दुरुस्त!" होते, नक्कीच होते. पण त्या गाडीला आता बघणाऱ्यांसमोर उभं राहायचं आहे. आपल्या गाडीला खड्ड्यात आपटायचं आहे.

जीप, ट्रक यांना खाली वेगळी चेसिस असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. बॉडी सडली तरी चेसिस भार पेलते. मारुती 800 ला अशी वेगळी चेसिस नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून केलेली बॉडी हीच तिची चेसिस. दाराखालचं रनिंग बोर्ड म्हणजे पाय ठेवायची पट्टी नव्हे, तो पुढचा भाग मागच्याला धरून ठेवणारा वासा आहे. सीटबेल्टचा खालचा बोल्ट त्याच्याच शेजारी, मधल्या खांबाच्या बुडाशी असतो. आणि बॉनेटच्या आत दोन्ही बाजूंना जे एप्रन, म्हणजे उभे पत्रे, दिसतात, त्यांच्या माथ्यावर पुढच्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या जोडणीचा, सगळा मार येतो.

म्हणून गंज किती आहे, यापेक्षा तो कुठे आहे हे आधी विचारायचं. दाराच्या पत्र्याला हाताएवढं भोक पडलं तरी गाडी चालते, दार बदला. सस्पेन्शन जिथे बसतं तिथे नाण्याएवढं भोक पडलं तर गाडी थांबवा. ब्रिटनच्या वार्षिक गाडी-तपासणीत यासाठी एक माप आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे बॉडीला जोडलेले असतात, तिथून 30 सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा सडून कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास. मी ती फूटपट्टी गॅरेजमध्ये घेऊन गेलो. मिस्त्रींना हे माप कुणी शिकवलं नव्हतं, पण ते नेमके त्याच जागांवर हातोडी घेऊन बसले होते.

(हातोडीचे आवाज. ठण. ठण. थप.)

ऐका. ठण म्हणजे पत्रा जिवंत आहे. थप म्हणजे आत पापुद्रे आहेत. थप आलं की मिस्त्री तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचतात. लोहचुंबकही फिरवतात, कारण पुट्टीला लोहचुंबक चिकटत नाही आणि जुनी लपवाछपवी तिथेच उघडी पडते.

डावं रनिंग बोर्ड: थप, पुढून मागपर्यंत. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर: स्क्रू-ड्रायव्हर आरपार, खालची जमीन दिसली. मागच्या डाव्या सस्पेन्शनचा आर्म जिथे बॉडीला बसतो, तिथला पत्रा: वरून धड, कडेनं गेलेला. ब्रेकचा लोखंडी पाइप हातात घेतला तर खवले सुटले.

मग बॉनेट उघडलं. त्याआधी घरी बोलणं झालं होतं. मी म्हणत होतो, देऊन टाकू. बाबा म्हणत होते, करू. शेवटी बाबाच म्हणाले, "एप्रन गेलं असेल तर मी हट्ट करणार नाही. किल्ली तुझ्या हातात देईन." डावं एप्रन: ठण. उजवं: ठण. सस्पेन्शन वर जिथे बसतं त्या कपच्या भोवतीचा रंग मिस्त्रींनी खरवडून काढला. खाली चकचकीत पत्रा. बाबा काही बोलले नाहीत, शर्टाच्या खिशातली किल्ली त्यांनी एकदा चाचपली.

(कागदपत्रं.)

आपल्याकडे अनेकांना वाटतं की 15 वर्षं झाली की खासगी गाडी भंगारात द्यावीच लागते. तसं नाही. दिल्लीचे नियम वेगळे, महाराष्ट्रात पाच-पाच वर्षांसाठी पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करून घेता येतं. खर्च मात्र वाढत गेला आहे. 15 वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 2022 पासून 5 हजार रुपये झालं, आणि 20 वर्षांपुढच्या कारला 2025 मध्ये ते 10 हजार झालं. पर्यावरण कर वेगळा. आमचं पुढचं पासिंग 2026 ला आहे.

दुसरी वाट अधिकृत भंगार केंद्राची. ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार तिथे गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, आणि नवी गाडी घेताना त्याच्यावर सवलत मिळते. नवी घेणार असाल तर ही वाट खरंच विचारात घ्या. बाबा 74 वर्षांचे आहेत. त्यांना नवी नको. भाट्ये पूल, बाजार आणि बँक, एवढ्यावरच त्यांची चाकं फिरतात.

मिस्त्रींनी दुरुस्तीचा आकडा सांगितला तो गाडी विकून येतील त्यापेक्षा जास्त होता. हिशेब तिथेच संपतो, असं मी बराच काळ धरून चाललो होतो. पण बाजारभावाशी तुलना करायची तर बाजारात तेवढ्याच पैशात जी दुसरी 29 वर्षांची गाडी मिळेल, तिच्या मॅटखाली काय आहे हे कुणी सांगावं? हिच्या मॅटखाली काय आहे ते तर आम्ही बघितलंय.

मला काळजी वेगळी होती. 2014 साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं याच कुळातली अगदी नवी ऑल्टो 800 ताशी 64 किलोमीटर वेगानं धडकवली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले आणि बॉडी अस्थिर ठरली. नव्या पत्र्याची ही गत, तर सडक्याची काय? म्हणून मी एकच अट घातली: सडका पत्रा कापून काढायचा, त्यावर पत्रा मारायचा नाही.

हे मला ठासून सांगायचं आहे, कारण रोज कुठेतरी हेच केलं जातं. गंजलेल्या रनिंग बोर्डवर वरून पट्टी ठोकायची, कडेला चार टाके वेल्डिंगचे, वर पुट्टी, वर रंग. दिसायला सुंदर. पण वेल्डिंगला धरायला खाली पत्राच नसतो, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पुन्हा ओल कोंडते. विकत घेणाऱ्याला कळत नाही. त्याच्या मुलाबाळांना घेऊन तो घाटात जातो. ही फसवणूक आहे, तिला दुसरं नाव नाही.

मिस्त्री बाबांना म्हणाले, "काका, तीन आठवडे लागतील. मधे घाई करू नका."

(वेल्डिंगची ठिणगी.)

आधी बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी रिकामी करून गॅरेजच्या बाहेर नेली. मग रनिंग बोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपचा आधार जोडला, नाहीतर वासा काढल्यावर गाडी मध्येच वाकते आणि दार पुन्हा कधी बसत नाही. चकाकता पत्रा लागेपर्यंत कापत गेले. भोक अपेक्षेच्या दुप्पट झालं. ते बघून बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

सीओटू वेल्डिंगनं एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. मागच्या आर्मची बैठक पूर्ण नव्यानं जोडली. ब्रेकचे पाइप सगळे बदलले, त्यावर चर्चाच नव्हती. शेवटी जस्ताचा प्रायमर, आणि पेटीच्या आत नळी घालून पातळ मेण फवारलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं आतला रंग जळतो. हे मेण टाळलं तर नवा पत्रा आतून पुन्हा पहिल्या दिवसापासून गंजायला लागतो.

पुट्टी भरण्याआधी मिस्त्रींनी मला बोलावलं. टाके उघडे होते. मी एकेक बघितला.

(मिऱ्या. रविवार सकाळ.)

गाडी घरी आली तेव्हा आम्ही आतून रबरी मॅट घातली नाही. बाबा आता सुती सतरंजी टाकतात आणि दर रविवारी काढून गडग्यावर वाळत घालतात. मग गोड्या पाण्याची नळी घेऊन गाडीच्या पोटाखाली मारतात. आणि मग सायकलच्या चाकाची एक जुनी तार घेऊन पाटावर बसतात, रनिंग बोर्डच्या कडेची भोकं एकेक करून मोकळी करतात.

शेवटच्या भोकातून थोडं पाणी टपकतं. बाबा ते बोटावर घेतात, जिभेला लावून बघतात. खारट आहे का ते बघतात, आणि पुन्हा नळी उचलतात.