ऐंशीवरून शून्यावर, आणि परत वर

[काळा पडदा. पंपाची घरघर. हळूहळू निळा उजेड.]

न्यू जर्सीतल्या एका घराचं तळघर. बाहेर बर्फ पडतंय आणि आत २०० लिटर समुद्र आहे. नळाचं पाणी आरओतून गाळायचं, त्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळवायचं, की झाला समुद्र. निदान माझ्या दादाचं असं म्हणणं आहे.

काचेमागे डोलतायत ती प्रवाळं. आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याची लांबची भावंडं, पण जिवंत. भारतात ही घरी पाळायचं मनातही आणू नका. २००१ पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. इथे मात्र गुलाबाच्या कलमासारखी टाकीत वाढवलेली फांदी दुकानात मिळते.

[काचेची कुपी. पाणी गुलाबी होतं, मग लालभडक.]

नायट्रेट ८०. म्हणजे लिटरमागे ८० मिलिग्रॅम. मोकळ्या समुद्रातल्या प्रवाळांच्या आसपास हा आकडा एकच्याही खाली असतो. गंमत म्हणजे, आपल्याकडे माणसांच्या पिण्याच्या पाण्यात ४५ पर्यंत चालतं.

हे आलं कुठून? खाण्यातून. मासे खातात, अमोनिया सोडतात. दगडांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. पहिली दोन जहाल, तिसरं त्या मानाने सौम्य, म्हणूनच ते गुपचूप साचत राहतं. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. गणित मांडलं तर एक ग्रॅम प्रथिनातून जवळपास ७०० मिलिग्रॅम नायट्रेट निघू शकतं. या टाकीत तेवढ्याने आकडा साडेतीनने चढतो.

[एक हात. चिमूट पाण्यावर सुटते.]

हा हात आईचा. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली आहे. "बघ, कशी आ करून येतात. उपाशी आहेत रे बिचारे." माशांचा हा अभिनय दिवसभर चालतो आणि आई दर वेळी फसते.

नायट्रेट म्हणजे शेवटी खतच. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, प्रवाळाला साखर पुरवतं. पण जास्त युरिया पडला की ऊस माजतो, तसं हे शेवाळ माजतं आणि जांभळी फांदी तपकिरी दिसू लागते.

दादाने बादल्या काढल्या. चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे ५० लिटर, पावणेदोन किलो मीठ. ८० चे ६०, पुढच्या रविवारी ४५, मग ३४. हे वहीत. टाकीत मात्र मधल्या दिवसांत पुन्हा भर पडतच होती. माझं मत विचाराल, तर नुसतं पाणी उपसून नायट्रेटच्या आधी माणूसच संपतो.

[फेसाचा कप. काळपट पाणी.]

हा प्रोटीन स्किमर. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण वर येते, कुजण्याआधीच. कप धुताना खिडकी उघडावी लागते, एवढंच सांगते. खालच्या टाकीत हिरव्या दोऱ्यांचा गुंता आहे, कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ. त्याचा दिवा रात्री लागतो. मूठभर उपटून फेकला की त्याने शोषलेलं नायट्रेट घराबाहेर गेलं. वाळूचा रस्ताही आहे: १९८० च्या दशकात झाँ जोबेर या संशोधकाने जाड वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवली. ऑक्सिजन जेमतेम पोचतो अशा थरात जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. दादाच्या टाकीला तेवढी खोली नव्हती.

म्हणून व्होडका.

आईला कपाटात बाटली सापडली तो दिवस मी चित्रित केला नाही. दादाने समजावलं: अल्कोहोल हे जिवाणूंचं अन्न. ते वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात, आणि स्किमर त्यांनाच ओढून काढतो. सिरिंजने, थेंबांत मोजून. घाई केली तर पाणी दुधाळ होतं, प्राणवायू संपतो, मासे पृष्ठभागावर धापा टाकतात.

दादाने तिथे घाई केली नाही. चुकला तो थांबण्यात. आकडा दहावर आला, पाचवर आला, तरी सिरिंज चालूच. एका सकाळी कुपीतलं पाणी बिनरंगीच राहिलं. शून्य! फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

[वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे. टोकांना बुडबुडे.]

दहा दिवसांनी हे. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव. खत पार संपलं की साधं शेवाळ मागे हटतं आणि मोकळ्या जागेवर हे बसतात. प्रवाळंही फिकट पडली, या खेपेला उपासमारीने.

व्होडका बंद झाली. स्किमर फक्त रात्री. आणि इतके दिवस आईचा हात धरणारा माझा भाऊ म्हणाला, "आई, घाल गं. दोन वेळा घाल."

"मोजून घालते," आई म्हणाली.

[कुपी. फिकट गुलाबी.]

आज सात. माप आईचं आहे: हिंगाच्या डबीतला चमचा, सकाळी एक, संध्याकाळी एक. हिंगाला दुसरा आणलाय.