सुधीर पटवर्धनांची माणसं

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून चित्रांबद्दल बोलणं तसं अवघडच. पण सुधीर पटवर्धनांच्या चित्रांतली माणसं तुमच्या ओळखीची आहेत, त्या भरवशावर बोलतो. लोकलच्या दाराशी, पुलावर, इराण्याच्या टेबलाशी ती तुम्हाला भेटलेली आहेत.

पटवर्धनांचा जन्म १९४९ सालचा, पुण्यातला. शिक्षण वैद्यकीचं. १९७५ ते २००५ या काळात ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे तपासणारे डॉक्टर होते. कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. दवाखाना सांभाळून चित्रं काढत राहिले. ‘माणसाच्या आत पाहणारा चित्रकार’ असं त्यांच्याबद्दल म्हणायचा मोह होतो. मला मात्र उलटं वाटतं. एक्स-रेमध्ये चेहरा कुठे असतो? कुणाची नोकरी काय, कामाची पाळी संपवून कोण घरी निघालंय, हे हाडांवरून थोडंच कळतं! फिल्मवर जे उमटत नाही, तेच पटवर्धन कॅनव्हासवर शोधत आले.

१९७७चं ‘इराणी रेस्टॉरंट’ घ्या, किंवा १९८०च्या सुमाराचं ‘ट्रेन’. चेहऱ्यांवर नाटकी दुःख नाही, डोळ्यांत पाणी नाही. कष्टकऱ्यांची गरिबी रंगवताना चित्रकार अनेकदा कणव ओततात. इथे ती नाही. ही माणसं अंगाने भरीव आहेत, आपली जागा अडवून बसलेली आहेत. ‘बिचारा’ म्हणायची सोय ती आपल्याला ठेवत नाहीत.

पुढे हाच चित्रकार घरात शिरला. २०११च्या ‘फॅमिली फिक्शन’ या प्रदर्शनात कुटुंबं होती. माझ्या मते इथे त्यांची खरी कसोटी लागली. गर्दीत अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात; घरात मात्र नवरा-बायको, आई-मुलगा एकाच खोलीत असूनही ज्याची-त्याची नजर ज्याच्या-त्याच्या वाटेने जाते. नातं नुसत्या चेहऱ्यात सापडत नाही, दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेतही ते शोधावं लागतं. भांडण दिसत नाही, पण काहीतरी बोलायचं राहून गेलंय हे जाणवतं.

२०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं. त्यांची चित्रं पुन्हा कुठे लागली, तर जरूर जा. आधी चार पावलं लांब उभे राहा, कोण कुणाकडे पाहतंय ते बघा, आणि मगच चेहऱ्यांपाशी जा.

नमस्कार.