हाक किती लांबवायची?

श्रोतेहो, नमस्कार.

पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची तर आपण त्याचं नाव लांबवतो, ‘रामाऽऽऽ!’ तोच शेजारी बसला असेल तर ‘रामा, ऐक’ एवढं पुरतं. आज ज्या यंत्राबद्दल सांगणार आहे, त्यालाही हेच शिकवलेलं असतं.

द्राक्षबागेत मातीत खुपसलेला, ओल मोजणारा सेन्सर डोळ्यांसमोर आणा. तिथं ना वीज, ना वायफाय. आतले सेल काही वर्षं पुरवायचे. ओल मोजण्यात फारसं काही जात नाही. सेल संपतात ते बहुतेकदा बोलण्यात, म्हणजे तो आकडा रेडिओनं कळवण्यात!

अशा सेन्सरसाठी लोरावॅन नावाची, छोटे निरोप बिनतारी दूरवर पाठवायची पद्धत आहे. आपल्याकडे ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात चालते. हाक लांबवायच्या तिच्यात सहा पायऱ्या, ७ ते १२ क्रमांकांच्या. पायरी वाढली की हाक लांब पोचते, पण वेळ जवळपास दुप्पट लागतो. दहा बाइटचा निरोप सातव्या पायरीवर सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्यात संपतो, बाराव्यावर त्याला जवळजवळ दीड सेकंद लागतो. सेलवर भार तेवढाच वाढतो.

पायरी ठरवतो पलीकडचा सर्व्हर, म्हणजे हे निरोप गोळा करणारा संगणक. मागचे काही निरोप किती स्पष्ट आले ते बघून तो कळवतो, ‘नीट ऐकू येतंय, थोडक्यात बोल.’ आणि तिकडून काहीच उत्तर आलं नाही तर? सर्वसाधारणपणे ६४ निरोपांनंतर सेन्सर विचारतो, ‘कुणी ऐकतंय का?’ आणखी ३२ निरोप वाट बघतो, मग आधी आवाज चढवतो, तरीही शांतता असेल तर हाक लांबवत जातो. मला माइकसमोर बसून ही सोय नाही, हे जाता जाता.

हाच सेन्सर चरायला जाणाऱ्या गाईच्या गळ्यात बांधलात तर मात्र फसाल. सकाळी गोठ्यात स्पष्ट आलेल्या निरोपांवरून दुपारी टेकडीमागची पायरी कशी ठरणार? तिथं ही हुशारी बंद ठेवलेली बरी.

ऐकणंही फुकट नाही बरं का. निरोप पाठवला की एका आणि दोन सेकंदांनी सेन्सर क्षणभर कान टवकारतो, मग झोपतो. ओलीच्या आकड्याला हे चालतं. पण ‘पाणी बंद कर’ हा हुकूम झोपलेल्या व्हॉल्व्हला कसा कळणार? म्हणून लगेच बंद व्हायला हवा अशा व्हॉल्व्हचे कान सतत उघडे ठेवतात, आणि त्यासाठी त्याला वेगळी वीज द्यावी लागते, निदान एक सोलर पॅनेल तरी.