दोरी, फुलं आणि दगड

श्रोतेहो, नमस्कार.

जीव मुठीत धरून घरदार सोडलेल्या माणसाला आपण सहज सांगतो, "झालं गेलं विसरून जा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण कुठे दार आपटलं, की ती रात्र त्याच्यापुढे आत्ताच घडत असल्यासारखी उभी राहते. विसरायचं कसं?

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या मॅगी शाऊअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी उलटी वाट धरली. त्यांच्या उपचारात जमिनीवर दोरी अंथरतात. दोरी म्हणजे जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य. सुखाच्या प्रसंगाला फूल, आघाताला दगड. मग दर बैठकीत क्रमानं पुढे जात एखाद्या दगडापाशी थांबायचं. काय दिसलं, कसला वास आला, अंगाला घाम फुटला का, आणि आज सांगताना काय होतंय? समुपदेशक हे लिहून घेतो आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो. अशानं त्या रात्रीला काळ मिळतो, ठिकाण मिळतं, ती भूतकाळात जाऊन बसते. युगांडातल्या वसाहतीत निर्वासितांमधल्याच काहींना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं गेलं आणि लोकांना गुण आला. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मला यातली ही बाब सर्वांत मोलाची वाटते, कारण छावणीत मानसोपचारतज्ज्ञ मिळायचे किती?

मुलांसाठी हीच पद्धत चित्रं काढत, खेळत चालते. दोरीचं उरलेलं टोक म्हणजे पुढचं आयुष्य. मूल तिथे आपल्या इच्छांची फुलं ठेवतं. अगदी लहानग्यांना मात्र सांगताच येत नाही. सुटलेली सवय परतते, अंथरूण ओलं होतं, आईला क्षणभर सोडवत नाही. तिथे आधी आईला सावरावं लागतं. किशोरवयीन मुलं रागावतात, गप्प होतात, आणि नव्या देशाची भाषा लवकर शिकल्यामुळे घरच्यांचे दुभाषेही तीच होतात. वडिलांच्या वेदना डॉक्टरला पोरानं सांगायच्या, हे ओझं त्याच्यावर टाकू नये. दुभाषा बाहेरचाच हवा.

म्हाताऱ्यांकडे सहसा कुणी पाहत नाही. त्यांची तक्रार असते गुडघ्याची, छातीतल्या धडधडीची, झोपेची. गोळ्या मिळतात, विचारपूस होत नाही. त्यांची दोरी लांब असते, दगड अनेक. सगळ्यांपाशी थांबायची गरज नसते. आजही झोप उडवणारे कोणते, ते त्यांनाच विचारायचं. फुलांपाशी मात्र त्यांना हवं तेवढं रेंगाळू द्यावं.