बोलणे झाले, आता लिहून कळवा

श्रोतेहो, नमस्कार.

कामकाजाचा पत्रव्यवहार कसा करावा, हे आपल्याकडे सहसा कोणी मुद्दाम बसवून शिकवत नाही. शाळेत अर्जलेखन असते, पण ते गुणांपुरते असते. पत्ता, दिनांक आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ जागच्या जागी आले की विद्यार्थी सुटतो. खरे शिक्षण सुरू होते ते नोकरीचा पहिला अर्ज लिहिताना आणि मुरते ते पहिल्या ग्राहकाचे काम अंगावर घेतल्यावर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या कामाचा आरंभ आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाला. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने वाढत गेले आणि आज त्यांच्याच शेजारी ऐरोली व महापे येथे माहिती तंत्रज्ञानाची मोठमोठी कार्यालये उभी आहेत. या पट्ट्यात काम शोधायला आणि काम पोहोचवायला रोज ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकल गाडीत चढणारी जी तरुण मुले आहेत, त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे.

अर्ज वाचणारा माणूस घाईत आहे, असे धरूनच अर्ज लिहावा. ईमेलच्या विषयाच्या ओळीत पदाचे नाव, जाहिरातीला क्रमांक असल्यास तो क्रमांक आणि स्वतःचे नाव असावे, आणि सोबत जोडलेल्या फाइललाही स्वतःचेच नाव द्यावे. ‘मी कष्टाळू, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक आहे’ हे वाक्य इतक्या अर्जांत असते की वाचणाऱ्याची नजर त्यावर ठरतच नाही. गुण सांगू नयेत, केलेले काम सांगावे. पुन्हा सांगतो, गुण सांगू नयेत, केलेले काम सांगावे.

केलेले काम सांगायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे माझ्या परिचयाच्या एका मुलाच्या बाबतीत फार स्पष्टपणे दिसले, आणि तो प्रसंग मला आज सविस्तर सांगायचा आहे.

हा मुलगा कळव्याचा. आयटीआयमध्ये मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम पुरा केलेला, संगणकावर ड्रॉइंग काढण्यात हात चांगला बसलेला, पण नोकरीच्या अर्जांना उत्तर येत नव्हते. घरी बसून राहण्यापेक्षा बरे म्हणून त्याने रबाळ्याच्या एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याची सुटी कामे घ्यायला सुरुवात केली. तेथे एका पंपासाठी लोखंडी बेस फ्रेम, म्हणजे पंप ज्यावर बसवतात ती चौकट, करायची होती. पंप कारखान्यात येऊन पडलेला होता, आणि त्याच्या पायाच्या चार भोकांशी जुळतील अशी चार भोके फ्रेमच्या प्लेटमध्ये पाडायची होती. प्लेट लेझर कटिंगसाठी बाहेर जाणार होती, म्हणजे ड्रॉइंगमध्ये जे माप असेल तेच कापून येणार होते.

मालकांनी त्याला मापे फोनवर सांगितली. मागे ग्राइंडर चालू होता आणि मालक मोठ्याने बोलत होते. मुलाने मापे कागदावर उतरवली, ‘हो साहेब, समजले’ म्हटले आणि फोन ठेवला. इतक्यावर बहुतेक जण ड्रॉइंगला बसले असते. हा मुलगा आधी ईमेल लिहायला बसला. तो ईमेल मी पाहिला आहे. त्यात लिहिले होते, ‘साहेब, आज दुपारी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार पंपाच्या बेस फ्रेममधील दोन भोकांच्या केंद्रांतील लांबीकडचे अंतर ६६२ मिलिमीटर धरले आहे. भोके १८ मिलिमीटरची आहेत, त्यांत १६ मिलिमीटरचे बोल्ट बसतील. ही मापे धरून ड्रॉइंग पुरे करत आहे. काही बदल असल्यास उद्या दुपारी बारापर्यंत कळवावे, त्यानंतर फाइल कटिंगला पाठवतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी तो ईमेल फोरमनसमोर धरला. फोरमन टेप घेऊन पंपापाशी गेले, खाली वाकून त्यांनी केंद्रापासून केंद्रापर्यंत माप घेतले, आणि साडेअकराच्या सुमारास उत्तर आले, ‘६६२ नाही, ६७२. बाकी बरोबर.’ ग्राइंडरच्या आवाजात बहात्तरचे बासष्ट ऐकू आले होते. १८ मिलिमीटरच्या भोकात १६ मिलिमीटरचा बोल्ट म्हणजे सगळी मोकळीक दोन मिलिमीटरची, आणि फरक दहाचा होता. एकीकडचे बोल्ट बसले असते तर दुसरीकडचे बसले नसते, प्लेट भंगारात गेली असती आणि दोष कोणाचा, यावर मालक आणि मुलगा दोघेही आपापल्या जागी खरेच बोलले असते.

त्या ईमेलची रचना पाहा. काय ठरले, कोणते माप धरले, मी पुढे काय करणार, आणि तुम्ही मला कधीपर्यंत सांगायचे, एवढेच त्यात आहे; एकही शब्द शोभेचा नाही. ही सवय त्याला वडिलांकडून लागली. ते एका सरकारी कार्यालयात आवक-जावकाच्या टेबलावर होते, आणि ‘साहेबांनी तोंडी सांगितले तरी टिपणी करून त्यांच्यापुढे ठेवायची’ हे त्यांचे घरातले नेहमीचे वाक्य होते. आपण कारकुनी कारभाराला फार सहज नावे ठेवतो, परंतु दिनांक, विषय आणि संदर्भ घालून कागद पुढे सरकवण्याची शिस्त त्याच टेबलांनी सांभाळली, असे माझे ठाम मत आहे.

पुढे महाप्याच्या एका डिझाइन कंपनीत त्याने अर्ज केला. या वेळी ‘कष्टाळू’ हा शब्द गेला आणि त्याजागी तीन छोटी वाक्ये आली: पंपाच्या बेस फ्रेमचे ड्रॉइंग काढले, फोनवर मिळालेली मापे लेखी कळवून तपासून घेतली, त्यात दहा मिलिमीटरचा फरक कटिंगपूर्वीच सापडला. मुलाखतीचे बोलावणे आले. तेथे त्याला सॉफ्टवेअरविषयी थोडेच विचारले. तो ईमेल दाखवता येईल का, असे मात्र आवर्जून विचारले. त्याने रबाळ्याच्या मालकांची परवानगी आधीच घेतलेली होती आणि ड्रॉइंगवरचे ग्राहकाचे नाव झाकलेले होते. त्याची निवड झाली, आणि दुसऱ्याच्या कामाची गोपनीयता त्याने न सांगता सांभाळली, हेही त्या निवडीला कारण झाले असावे, असे मला वाटते.

श्रोतेहो, बोलणे झाले की त्याच दिवशी लिहून कळवावे. आवाजी संदेशांवर कामाची मापे, दर आणि तारखा पाठवण्याची जी पद्धत हल्ली पडली आहे, ती मला अत्यंत घातक वाटते. असा संदेश पुन्हा सहज शोधता येत नाही, आणि तो घाईत अर्धाच ऐकला जातो. संदेश आलाच, तर त्यातला मजकूर आपण लिहून परत पाठवावा आणि ‘बरोबर आहे ना’ असे विचारावे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी मागे राहू नये. समोरच्याला मराठी समजत असेल तर मराठीत लिहावे, नसेल तर लहान, सरळ वाक्यांचे इंग्रजी पुरते.

आता पैशांविषयी, कारण लिहिण्याचा संकोच येथे सर्वांत जास्त असतो. काम सोपवताना ‘आज सुधारित ड्रॉइंग पाठवले आहे’ असा दिनांकाचा ईमेल अवश्य करावा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, ही मुदत ४५ दिवसांहून अधिक ठरवता येत नाही, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर ती १५ दिवसांची असते. ही मोजणी काम स्वीकारल्यापासून होते, आणि काम हाती आल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे कायदा मानतो. काम सोपवल्याच्या ईमेलवरचा दिनांक म्हणूनच मोलाचा आहे. एकट्याने सुटी कामे करणाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते. ती उद्यमच्या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि ती पहिले बिल पाठवण्यापूर्वीच करून ठेवावी. पैशांची आठवण करताना बिलाचा क्रमांक, काम सोपवल्याचा दिनांक आणि रक्कम लिहावी, आणि ‘कृपया भरणा कोणत्या दिवशी होईल ते कळवावे’ एवढेच विचारावे.

नमस्कार.