थंड इंजिन जास्त झिजतं

मंडळी, आपल्याकडं नवी मोटारसायकल आली की हार घालून होईपर्यंत पहिला सल्ला ठरलेला असतो: 'पहिले हजार किलोमीटर रेटू नका, इंजिन तापू देऊ नका.' हा सल्ला आपल्या इतका अंगवळणी पडलाय की रिमोटच्या गाडीचं नायट्रो इंजिन, म्हणजे मिथेनॉलच्या खास इंधनावर चालणारं चिमुकलं इंजिन, हातात आलं तरी आपण तेच करतो. मीही तेच केलं होतं.

माझं पहिलं इंजिन एकवीसचं, म्हणजे 0.21 घनइंचाचं, साधारण साडेतीन सीसी. गाडी स्टँडवर ठेवली, नीडल, म्हणजे इंधन किती जाईल ते ठरवणारा स्क्रू, भरपूर उघडी ठेवली आणि टाकीमागून टाकी नुसती आयडलवर जाळली. सायलेन्सरमधून तेल ठिबकत होतं आणि हेडला हात लावला तर चटकाही बसत नव्हता. इंजिनाची मी किती काळजी घेतोय, असं वाटून मला समाधान होतं. पाच टाक्यांनंतर गाडी मैदानात सोडली, ती तापली आणि बंद पडली. परत सुरू होईना. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं आत दाब धरणं, गेलेलं होतं. दोन-तीन महिने पैसे साठवून घेतलेलं इंजिन मी धड चालवायच्या आतच झिजवलं होतं.

असं का झालं, ते नीट समजून घेऊ. या इंजिनाला पिस्टन रिंग नसते. बाहेर पितळेची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, तिला आतून क्रोमचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन. अ‍ॅल्युमिनियम, ब्रास म्हणजे पितळ, आणि क्रोम, म्हणून याला एबीसी म्हणतात. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती केलेली असते. त्यामुळं थंड इंजिन हातानं फिरवलं की पिस्टन वर जाऊन अडकतो. तो अडकणारा भाग म्हणजे पिंच. जाळ वरच्या बाजूला होतो, म्हणून तो भाग सगळ्यात जास्त तापतो. पितळ फुगतं जास्त, सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन फुगतो कमी. इंजिन पुरतं तापलं की निमुळता भाग उघडतो आणि दोघांमध्ये हवी तेवढीच फट राहते. बनवणाऱ्यानं सगळं माप त्या तापमानासाठी काढलेलं आहे. आपण इंजिन थंड ठेवलं की पिस्टन दर फेरीला त्या अरुंद गळ्यात घासतो. हजारो फेऱ्या. वर कनेक्टिंग रॉडवर ओढ बसते ती वेगळीच.

म्हणून सुरू करण्याआधीच इंजिन गरम करा. घरातला हेअर ड्रायर पुरतो. हेड 65-70 अंशांवर आलं की मगच पुल-स्टार्टला, म्हणजे इंजिन सुरू करायच्या दोरीला, हात घाला. दोरी शेवटपर्यंत ओढू नका, छोटे छोटे झटके द्या. मध्येच एकदम घट्ट लागलं तर जोर लावू नका, आत इंधन भरलेलं असतं. प्लग काढा, फिरवून ते बाहेर पडू द्या. ते अंगावर उडेल, तोंड लांब ठेवा.

मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त, ठेवायचंच. या इंजिनाचं तेल इंधनातूनच येतं, वेगळं वंगण नाही. पण इतकंही रिच नको की तापमान चढणारच नाही. प्लगजवळ मोजून 95 ते 110 अंश सेल्सिअस मिळायला हवं. थंडीत मिळत नसेल तर हेडच्या फिन्सवर, म्हणजे थंडाव्यासाठी असलेल्या पातळ पात्यांवर, थोडा अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. थर्मामीटर नसला तर पाण्याचा थेंब टाका. भाकरीचा तवा तापला का, हे आई जसं बघते तसं. थेंब चर्र करत तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक. पडताक्षणी नाहीसा झाला तर फार तापलं, नीडल थोडी उघडा.

पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं चालवा आणि बंद करा. आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: पिस्टन खाली आणून ठेवा. तो वर पिंचमध्ये राहिला तर थंड होताना आकसणारी स्लीव्ह त्याला आवळते. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकावर, मार्करनं एक खूण करून ठेवली की पिस्टन कुठं आहे ते कळतं. पूर्ण थंड होऊ द्या, परत तापवा, परत चालवा. तापणं-निवणं, तापणं-निवणं, यातूनच धातू एकमेकांना बसतात. नंतर गाडी जमिनीवर घ्या, थ्रॉटल थोडा देऊन सोडा, वेग चढ-उतार होऊ द्या. पाच-सहा टाक्यांत नीडल हळूहळू आवळत न्या.

सोलापूरच्या हवेबद्दल एक सांगतो. एप्रिल-मेमध्ये हवा तापून विरळ होते, म्हणून त्याच नीडलवर मिश्रण जास्त रिच होतं. डिसेंबरच्या सकाळी हवा दाट, म्हणून तीच नीडल लीन पडते, म्हणजे इंधन कमी पडतं. हिवाळ्यात जुन्याच सेटिंगवर गाडी सोडून इंजिन भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते. एअर फिल्टरचा स्पंज फिल्टर-ऑइलमध्ये भिजवून पिळलेला नसेल तर वर सांगितलेली सगळी मेहनत एका दुपारी वाया जाते.

पालक इथं आहेत, म्हणून हेही सांगतो. हे इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्वचेतूनही ते शरीरात उतरतं, हातमोजे घाला. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका, आणि बंद खोलीत इंजिन सुरू करू नका.

त्या पाच-सहा टाक्यांतल्या शेवटच्या टाकीनंतर प्लग बदला. सुरुवातीच्या झिजेचे बारीक कण त्याच्या प्लॅटिनमच्या तारेला चिकटतात, मग तो दगा देतो. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करा, इंजिनात उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवा आणि आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गाडी चालवून झाल्यावर घालायच्या तेलाचे, दोन-चार थेंब आत सोडून इंजिन फिरवा.

आता बाहेर मैदानात चला. तिथं टेबलावर एक कोरं इंजिन आहे, हेअर ड्रायर लावून ठेवलाय. पहिली दोरी ज्याला ओढायची असेल त्यानं पुढं यावं.