आपल्याच सैनिकांवर अविश्वास : इटली, १९१५ ते १९२४

[दृश्य : इझोन्झो नदी, मागे उघडेबोडके डोंगर]

ही इझोन्झो नदी. आज तिचा बराचसा भाग स्लोव्हेनियात आहे. पहिल्या महायुद्धात, जून १९१५ ते सप्टेंबर १९१७, इटलीच्या फौजेने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध इथे एकामागून एक अकरा लढाया लढल्या. शत्रू वर डोंगरमाथ्यावर, आणि हे खालून चढणारे. सहाव्या लढाईत गोरित्सिया शहर हाती आलं. बाकी हजारो माणसं गेली ती एखाद्या टेकडीसाठी.

चढणारे बहुतेक शेतकरी होते. सरसेनापती लुइजी कादोर्ना यांना त्यांच्या थकव्यात भित्रेपणाच दिसायचा, आणि त्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं : जरब.

[दृश्य : सांता मारिया ला लोंगा गाव]

जुलै १९१७. कातान्झारो ब्रिगेड विश्रांतीसाठी या गावात आली होती. जवान प्रामुख्याने दक्षिणेच्या कालाब्रियातले, कार्सोच्या खडकाळ पठारावर महिनोन्‌महिने झुंजून पार पिचलेले. तेवढ्यात पुन्हा आघाडीवर जाण्याचा हुकूम आला. १५ तारखेच्या रात्री त्यांनी बंदुका उचलल्या. बंड मोडायला घोडदळ आणि चिलखती गाड्या आणाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी २८ जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले १६ जण हातात शस्त्र असताना पकडलेले. उरलेले १२ चिठ्ठ्या टाकून निवडलेले! गुन्हा सिद्ध करण्याची गरजच कुणाला वाटली नाही.

त्याच उन्हाळ्यात पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या युद्धाला ‘निरर्थक कत्तल’ म्हटलं. ऑगस्टमध्ये तुरीन शहरात पाव मिळेना, तेव्हा बाया आणि कामगार रस्त्यावर उतरले. सैन्याने गोळीबार केला. सुमारे ५० माणसं मेली.

[दृश्य : माघार घेणाऱ्या सैन्याची जुनी छायाचित्रं]

२४ ऑक्टोबर १९१७. कापोरेत्तोजवळ जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी विषारी वायू सोडून इटलीची फळी फोडली. सैन्य मागे हटत थेट पियावे नदीपर्यंत आलं. जवळपास तीन लाख सैनिक कैद झाले. चुका सेनापतींच्या होत्या : राखीव फौज चुकीच्या जागी, संपर्क तुटलेला. पण कादोर्नांच्या पत्रकाने खापर फोडलं ते जवानांवर. ते न लढताच शरण गेले, असं त्यात जाहीर केलं.

आता या कैद्यांचं काय झालं ते ऐका, कारण या इतिहासात सर्वांत जिव्हारी लागणारा भाग हाच आहे. ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने केलेल्या नाकेबंदीमुळे ऑस्ट्रियात खुद्द तिथल्याच लोकांची उपासमार चालली होती; छावण्यांतल्या कैद्यांच्या वाट्याला काय येणार? फ्रान्स आणि ब्रिटनने आपल्या कैद्यांसाठी अन्न धाडलं. इटलीच्या सरकारने नकार दिला. कैदेत पोट भरतं हे कळलं तर आणखी जवान शरण जातील, ही धास्ती. आईने, बायकोने घरून पाठवलेली पार्सलं तेवढी आशा. तीही वाटेत अडकायची. युद्धभर पकडल्या गेलेल्या सुमारे सहा लाख इटालियन कैद्यांपैकी एक लाखाच्या आसपास परत आलेच नाहीत. बहुतेकांना भुकेने आणि क्षयासारख्या आजारांनी नेलं. हे मृत्यू टाळता आले असते.

नोव्हेंबर १९१७ मध्ये कादोर्नांच्या जागी आर्मांदो दियाझ आले. जेवण सुधारलं, रजा वाढली, जवानांचा विमा उतरवला, युद्धानंतर जमीन देऊ असं सांगितलं गेलं. तीच माणसं पियावेवर ठाम उभी राहिली, आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी इटली जिंकली.

[दृश्य : १९१९, शेतमजुरांचे मोर्चे]

घरी परतलेल्यांनी जमीन मागितली. ती मिळेना, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी पडीक शेतं ताब्यात घेतली. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत युद्धाला विरोध करणारे समाजवादी १५६ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरले. फॅसिस्ट नेता मुसोलिनीला एकही जागा मिळाली नाही. पण जमीनदारांना या मोर्चांची धडकी भरली होती आणि त्यांचा पैसा मुसोलिनीच्या टोळ्यांकडे वळला. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो पंतप्रधान झाला, आणि १९२४ मध्ये त्याने लुइजी कादोर्नांना ‘इटलीचे मार्शल’ हा किताब दिला.